यानागापा जमात नेमकी राहते कुठे?

'साउथ पार्क' ही प्रौढांसाठीची अमेरिकी विनोदी अ‍ॅनिमेशन मालिका १९९७ पासून चालू आहे. तिचे जुने भाग आता मोबाइलवर सहज सापडतात, त्यामुळे १९९९ मधल्या एका भागाविषयी आमच्याकडे एकामागून एक पत्रे येत आहेत. हा भाग कोस्टा रिकाच्या जंगलात घडतो आणि त्यात यानागापा नावाची एक जमात दाखवली आहे. या वेळचे सदर त्याच पत्रांना दिले आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने हा भाग पाहिला आणि यानागापांची माहिती मला विचारली. विश्वकोशात आणि नकाशात शोधूनही काही हाती लागले नाही. अशी जमात खरोखर आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. यानागापा हे नाव मालिकेच्या लेखकांनी रचलेले आहे आणि कोस्टा रिकात किंवा मध्य अमेरिकेत अन्यत्र या नावाची कोणतीही जमात नाही.

ज्या भागात ती येते त्याचे नाव 'रेनफॉरेस्ट श्मेनफॉरेस्ट'. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांच्या या मालिकेचा तिसरा हंगाम ७ एप्रिल १९९९ रोजी याच भागाने सुरू झाला. शाळेतली चार उनाड मुले एका बालवृंदात सामील होतात, आणि जंगल वाचवण्याची गाणी गात फिरणारा हा वृंद कोस्टा रिकाची राजधानी सान होसे येथे कार्यक्रमासाठी जातो. वृंदाच्या संचालिका मिस स्टीव्हन्स यांना अभिनेत्री जेनिफर अ‍ॅनिस्टन हिने आवाज दिला आहे. मुलांना खरे जंगल दाखवावे म्हणून या बाई त्यांना घेऊन आत शिरतात. वाटाड्या सापामुळे जिवाला मुकतो, सगळे वाट चुकतात, मध्येच गोळीबारात सापडतात आणि शेवटी यानागापांच्या हाती लागतात. जमातीचे लोक बाईंना पकडून आपल्यातल्या एका राक्षसी देहाच्या पुरुषाच्या हवाली करण्याच्या बेतात असतात, आणि तेवढ्यात जंगल तोडायला आलेली बुलडोझरवाली मंडळी त्यांची सुटका करते. ज्या यंत्रांविरुद्ध बाई जन्मभर गाणी बसवत आल्या, त्याच यंत्रांचे आभार मानण्याची पाळी त्यांच्यावर येते आणि जंगलाविषयीचे त्यांचे सारे प्रेम तिथल्या तिथे आटून जाते.

प्रश्न : ही मालिका कोणालाच सोडत नाही. या भागातला विनोदही जंगलाचा उमाळा आलेल्या शहरी बाईवर आहे, जमातीवर नाही. मग त्यावर टीका कशासाठी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमचे अर्धे म्हणणे आम्हाला मान्य आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत 'वर्षावने वाचवा' ही घोषणा अमेरिकेतल्या शाळांत, शर्टांवर आणि मोठ्या गायकांच्या मैफलींत इतकी बोकाळली होती की जंगलात कधीही पाऊल न टाकलेल्या माणसालाही त्याविषयी भरून येत असे. या भावुकतेला चिमटा काढणे रास्त होते, आणि हा भाग ते काम झकास करतो. बाईंचा आवाज जसजसा पट्टी सोडत जातो, तसतसे आपल्यालाही हसू आवरत नाही. ते आम्ही नाकारत नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. मिस स्टीव्हन्स यांच्या डोक्यातला आदिवासी हा निसर्गाशी एकरूप झालेला, निष्पाप, फुलासारखा माणूस आहे. त्या कल्पनेचा फुगा फोडायला लेखकांनी पुढे आणलेला आदिवासी मात्र पकडून बांधणारा आणि परकी स्त्री राक्षसापुढे टाकणारा आहे. ही दुसरी प्रतिमा लेखकांना कुठे अभ्यासातून मिळालेली नाही. जुन्या जंगलपटांच्या अडगळीतून ती जशीच्या तशी उचललेली आहे. म्हणजे एक खोटे खोडताना त्याच्या जागी त्याहून जुने खोटे बसवले, आणि ज्यांच्या जंगलात ही सगळी धावपळ चालली आहे त्यांना स्वतःचे नावसुद्धा मिळाले नाही. बाईंची थट्टा बारकाईने केलेली आहे, कारण लेखकांना तशा बाई माहीत होत्या. जमातीच्या वाट्याला तो बारकावा आलाच नाही.

हाच आळस दुसऱ्या एका ठिकाणी तर स्पष्टच उघडा पडतो. या भागात कोस्टा रिकाच्या जंगलात बंडखोर आणि सरकारी सैनिक यांची चकमक दाखवली आहे. कोस्टा रिकाला सैन्यच नाही! १९४८ च्या यादवी युद्धानंतर विजयी गटाचे नेते होसे फिगेरेस फेरेर यांनी त्या वर्षीच्या १ डिसेंबरला सान होसे येथील बेयाविस्ता छावणीच्या भिंतीवर हातोडा घालून सैन्य बरखास्त झाल्याचे जाहीर केले आणि १९४९ च्या राज्यघटनेने कायमस्वरूपी सैन्यावर बंदीच घातली. त्या छावणीत आज देशाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. जंगलातली युद्धे झाली ती निकाराग्वा, एल साल्वादोर आणि ग्वाटेमालात. ती थांबवण्यासाठी खटपट करणारे कोस्टा रिकाचे राष्ट्राध्यक्ष ऑस्कर आरियास यांना १९८७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. शेजाऱ्याचे भांडण या घरात आणून ठेवायला कोणाला काही वाटले नाही, कारण प्रेक्षकाच्या लेखी ही सगळी घरे सारखीच होती.

प्रश्न : तर मग कोस्टा रिकाच्या जंगलात प्रत्यक्षात कोण राहते? त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध आहे का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : कोस्टा रिकात आठ मूलनिवासी समाज आणि त्यांचे २४ मान्यताप्राप्त प्रदेश आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या समाजांची लोकसंख्या सुमारे १ लाख ४ हजार, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या २.४ टक्के होती. ब्रिब्री आणि काबेकार हे त्यांतले मोठे समाज. त्यांची मुख्य वस्ती आग्नेयेकडच्या तालामांका डोंगररांगांत, पनामाच्या सीमेलगत आहे. याखेरीज न्गाबे, बोरुका, ब्रोरान, मालेकू, उएतार आणि चोरोतेगा हे समाज आहेत. मालेकूंची संख्या शेकड्यांत मोजण्याइतकी आहे.

बाहेरच्या जगाशी संबंध नाही अशी यांतली एकही जमात नाही, आणि तो संबंध त्यांना फार महागातही पडलेला आहे. स्पॅनिशांनी तालामांकातून लोकांना पकडून नेण्याचा घाट घातल्याचे कळताच पाब्लो प्रेस्बेरे या मूलनिवासी म्होरक्याने १७०९ मध्ये तिथल्या गावांना एकत्र करून उठाव केला. स्पॅनिशांनी त्याला पकडून ४ जुलै १७१० रोजी कार्तागो शहरात ठार मारले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी कंपनीचे केळीचे मळे आणि आगगाडीचे रूळ तालामांकाच्या खोऱ्यात आले. केळीवर रोग पडल्यावर आणि पुरांनी झोडपल्यावर कंपनी निघून गेली, तेव्हा लोक डोंगरातून पुन्हा खोऱ्यात उतरले.

ब्रिब्री समाजाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण मालिकेतल्या त्या 'राक्षसापुढे बाई' प्रसंगाशी त्याची तुलना केल्यावाचून राहवत नाही. ब्रिब्रींचे कूळ आईकडून चालते. मूल आईच्या कुळातले असते आणि जमिनीचा वारसाही परंपरेने त्याच वाटेने जातो. रोग्यावर उपचार करणारा आणि मंत्र-कथांचा जाणकार असा जो 'आवा' असतो, तो आपली विद्या मुलाला देत नाही, कारण मुलगा पत्नीच्या कुळातला ठरतो. तो ती बहिणीच्या मुलाला देतो. मामाकडून भाच्याकडे जाणारी ही विद्या पाठ व्हायला वर्षानुवर्षे लागतात. सिबो या देवाने मक्याच्या दाण्यांपासून माणसे निर्माण केली, असे त्यांची कथा सांगते. कोको हे झाड पूर्वी एक स्त्री होती, म्हणून त्याचे लाकूड चुलीत घालायचे नाही, आणि विधींसाठी कोको तयार करण्याचा मान बायकांचा. बिया भाजायच्या, सोलायच्या, मोठ्या सपाट दगडावर दुसरा जड दगड डोलवत त्यांचा लगदा करायचा आणि तो गरम पाण्यात कालवून भोपळ्याच्या वाटीतून द्यायचा. हेच लोक केळी पिकवून नदीतून होडीने बाजारापर्यंत पोचवतात आणि मुलांना शाळेत पाठवतात.

बोरुकांचे उदाहरण तर या विषयाला अगदी नेमके लागू पडते, कारण परक्याची थट्टा करणारा खेळ त्यांच्याकडेही आहे. ३० डिसेंबरच्या रात्री सुरू होऊन २ जानेवारीला संपणाऱ्या या उत्सवात गावातले पुरुष 'दियाब्लितो', म्हणजे छोटे सैतान बनतात. अंगावर गोणपाट आणि केळीची सुकी पाने, तोंडावर बाल्सासारख्या हलक्या लाकडाचा मुखवटा. समोर एक बैल असतो. लाकडी सांगाड्यावर गोणपाट ताणलेले, पुढे कोरलेले डोके, त्याला खरी शिंगे, आणि आत एक दणकट माणूस. हा बैल म्हणजे स्पॅनिश आक्रमक. बासरी, ढोल आणि शंखाच्या आवाजात तीन दिवस बैल घरोघरच्या अंगणांतून सैतानांच्या मागे धावतो, त्यांना लोळवतो, उचलून आपटतो. लोक मक्याची आंबवलेली चिचा पीत हसत असतात. शेवटच्या दिवशी बैल एकेका सैतानाला पाडतो आणि सगळे मेल्यासारखे पडून राहतात. मग ते उठतात, पळालेल्या बैलाला शोधून काढतात, मारतात आणि जाळतात. खऱ्या शिंगांमुळे कोणाला खरीच जखम होते तेव्हाही खेळ थांबत नाही. ज्यांना मालिकेने नुसते पकडणारे हात म्हणून वापरले, त्यांच्याकडे चारशे वर्षांच्या अनुभवावर रचलेले असे तालेवार प्रहसन आहे, आणि ते ऐन गावात, गावकऱ्यांसाठी होते.

प्रश्न : भागाच्या अखेरीस पडद्यावर येते की जंगलामुळे दरवर्षी तीन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि तिथल्या शेकडो गोष्टींनी कर्करोग होतो. यात तथ्य किती? आणि गाण्यांनी जंगल वाचले का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ते आकडे गंमत म्हणून घातलेले आहेत, त्यांना काही आधार नाही. 'जंगलात कर्करोगावरची औषधे दडलेली आहेत' या त्या काळच्या घोषणेला तिथे उलटे टांगले आहे. गंमत अशी की या घोषणेबरोबर हटकून सांगितले जाणारे उदाहरण आपल्या अंगणातल्या सदाफुलीचे असे. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे मिळतात हे खरे आहे. पण ती मूळची मादागास्करची, आणि घनदाट वर्षावनापेक्षा मोकळ्या उन्हात रमणारी आहे. म्हणजे घोषणाही तशी निर्दोष नव्हती. सापांचे म्हणाल तर कोस्टा रिकात सर्पदंश दरवर्षी शेकड्यांनी होतात, मृत्यू मात्र अगदी मोजके. याचे मोठे श्रेय कोस्टा रिका विद्यापीठाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेकडे जाते. १९७० मध्ये स्थापन झालेली ही संस्था सर्पविषावरचे प्रतिविष देशातच तयार करते.

जंगल वाचले, पण गाण्यांनी नव्हे. गोमांसाच्या निर्यातीसाठी कुरणे काढण्याच्या धडाक्यात १९८० च्या दशकापर्यंत देशातले वनाच्छादन सुमारे एक चतुर्थांशावर आले होते. आज ते पुन्हा निम्म्याहून अधिक आहे. मांसाचे भाव पडले आणि कुरणांसाठीची स्वस्त कर्जे आटली, हे एक कारण. १९९६ च्या वन कायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला लावण्यावर बंदी आणली, हे दुसरे. तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते : इंधनावरील करातून उभा केलेला निधी १९९७ पासून झाडे राखणाऱ्या जमीनमालकांना थेट पैसे देऊ लागला. पाणी धरून ठेवणे, हवेतला कार्बन शोषणे, जीवसृष्टी टिकवणे आणि निसर्गसौंदर्य या चार सेवांचा तो मोबदला आहे. गाणाऱ्या मुलांना हसताना लेखकांचा रोख बरोबर होता, पण पडद्यावरच्या बुलडोझरला टाळ्या मिळत होत्या त्याच वेळी खऱ्या कोस्टा रिकात ही योजना सुरू होऊन दोन वर्षे झाली होती, आणि तिच्यात थट्टेचे मटेरियलही पुष्कळ सापडले असते.

प्रश्न : इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाचे विषारी बाणवाले बुटके आणि हे यानागापा एकाच वंशातले वाटतात. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : अगदी बरोबर. ली फॉक यांचा वेताळ १९३६ चा, आणि इंद्रजालने १९६४ पासून तो आपल्याकडे घरोघरी नेला. वेताळाचे डेंकालीचे ते जंगल आणि त्यातले बांदार, म्हणजे तेच बुटके, कोणत्याही खऱ्या देशातले नव्हते. आपण सगळ्यांनी ते चवीने वाचले आहेत, प्रस्तुत लेखकानेही. फरक इतकाच की डेंकाली हा देशच काल्पनिक होता. कोस्टा रिका नकाशावर आहे आणि तिथे टीव्हीही आहेत.

प्रश्न : माझा नातू दहा वर्षांचा आहे. चित्रे बालिश दिसतात, म्हणून त्याला दाखवायला हरकत नाही ना? (एक आजी, डोंबिवली)

उत्तर : आजी, दाखवू नका. कागद कापून केल्यासारखी ती चित्रे फसवी आहेत. मालिका प्रौढांसाठी आहे, तीत शिवीगाळ भरपूर आहे आणि एका मुलाला वारंवार मरताना दाखवणे हा तिच्या जुन्या भागांतला नेहमीचा विनोद आहे.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना जंगलावरचे सामूहिक हक्क मिळाले. कोस्टा रिकात मूलनिवासींची जमीन सुरक्षित आहे का? (एक वाचक, गडचिरोली)

उत्तर : कागदावर भक्कम आहे. १९७७ च्या मूलनिवासी कायद्यानुसार त्यांच्या प्रदेशातली जमीन अहस्तांतरणीय असून बाहेरच्या माणसाला ती विकता किंवा भाड्याने देता येत नाही. प्रत्यक्षात अनेक प्रदेशांत बराच मोठा भाग बिगरमूलनिवासी शेतकऱ्यांच्या आणि गुरे पाळणाऱ्यांच्या ताब्यात आहे आणि सरकारने तो सोडवून देण्यात कमालीची दिरंगाई केली आहे. त्यामुळे सालित्रे, तेर्राबा अशा ठिकाणी लोक स्वतःच जमिनीवर जाऊन बसू लागले आणि संघर्ष पेटला. सालित्रे येथील ब्रिब्री नेते सेर्हियो रोहास यांची मार्च २०१९ मध्ये त्यांच्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेर्राबा येथे ब्रोरान समाजाचे हेरी रिवेरा मारले गेले. त्याच तेर्राबाची जमीन पाण्याखाली घालू पाहणारा दिकीस जलविद्युत प्रकल्प मात्र अनेक वर्षांच्या विरोधानंतर २०१८ मध्ये गुंडाळण्यात आला. ग्रामसभेच्या संमतीचा मुद्दा तुमच्या जिल्ह्यात जितका कळीचा, तितकाच तिथेही आहे. सल्लामसलत न करता काम सुरू केले, हाच तिथल्या तक्रारींचा गाभा होता.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि सुटीत कोस्टा रिकाला जाणार आहोत. आदिवासी गावाला भेट देणे योग्य होईल का, की तेही मिस स्टीव्हन्ससारखेच ठरेल? (एक वाचिका)

उत्तर : जरूर जा, पण सहल कोण चालवते ते आधी विचारा. तालामांकात योर्किन नदीकाठी ब्रिब्री बायकांनी स्वतः उभा केलेला पर्यटनाचा उपक्रम आहे. लांबट होडीतून, कमी पाणी असेल तेव्हा बांबूने ढकलत, तिथे नेतात. कोको दळून दाखवतात, जेवू घालतात आणि मुक्कामाची सोयही करतात. असे गावाच्या हातातले उपक्रम निवडले तर पैसे गावात राहतात. कोणी 'अस्सल जंगली जमात' दाखवण्याचे आमिष दाखवले तर तिकडे फिरकू नका, कारण तशी जमात तिथे नाही. माणसांचे, विशेषतः मुलांचे आणि विधींचे फोटो विचारल्याखेरीज घेऊ नका. बोरुका मुखवटा घ्यायचा असेल तर विमानतळावरच्या दुकानापेक्षा बोरुका गावातल्या कारागिराकडूनच घ्या; भडक रंगांचे, पक्षी-प्राणी रंगवलेले मुखवटे पर्यटकांसाठी असतात, उत्सवातले जुन्या पद्धतीचे मुखवटे पुष्कळदा बिनरंगी आणि जाडजूड असतात, आणि कारागीर ते वेगळे काढून दाखवतात. पावसाळा साधारण मेपासून नोव्हेंबरपर्यंतचा, पण कॅरिबियन बाजूला, म्हणजे तालामांकात, पाऊस वर्षभर केव्हाही येतो, तेव्हा रबरी बूट न विसरता न्या.